महाग पट्ट्याचं दुकान

माझा दादा, सुदाम, नगरपालिकेचा वायरमन होता. दिवा लावताना कमरेच्या पट्ट्याची कडी उघडली आणि तो खांबावरून पडून जागीच गेला. दहावं झालं त्याच दिवशी कळलं, तसलाच पट्टा घालून उद्या दादाच्या जोडीच्या वायरमनला, याकूबभाईंना, खांबावर चढायचंय. मी तडक पालिकेत गेलो, याकूबभाई माझ्या मागे.

खरेदी बघणारे बिडकर साहेब पट्टे पुरवणाऱ्या ठेकेदाराबरोबर चहा घेत होते. मला बघून म्हणाले, "हे बघ पोरा, नियम म्हणजे नियम. तीन दुकानांचे दर मागवले, सगळ्यात स्वस्त ते घेतलं. चौथी नापास तू, तुला यातलं काय कळणार?"

एरवी मी टेबल उलटं केलं असतं. पण अंगात त्राणच नव्हतं.

"काही कळत नाही साहेब," मी म्हणालो. "बाकीच्या दोघांचा पट्टा महाग होता ना? म्हणजे बराही असेल. त्यांची दुकानं तेवढी दाखवा. दादाची सायकल विकतो आणि याकूबभाईंसाठी एक घेतो."

ठेकेदाराचा कप ओठाशीच थांबला. तिन्ही दुकानांच्या दरांचे कागद त्याच्याच पिशवीतून येतात, हे सगळ्या पालिकेला ठाऊक होतं.

"चला की साहेब," याकूबभाई म्हणाले, "मीही येतो. जन्म गेला या बाजारात, मला तर ती दुकानं कधी दिसली नाहीत."

दारात माणसं जमू लागली. साहेबांनी खाली मान घालून पट्टे परत न्यायला सांगितलं. नवे पट्टे आता चढणारी माणसंच पारखून घेणार होती.

"जिंकलास रे," बाहेर आल्यावर याकूबभाई म्हणाले.

मला नुसतं झोपायचं होतं.