नातालबायचा खड्डा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. वसईच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात नातालबाय दोरीवर बोंबील टांगत होती. ऊन स्वच्छ होतं. समुद्र शांत, जणू काही केलंच नाही असा. तेवढ्यात वाळूवरून हाक आली, "बाय गो, मचवा फुटला! नुसतं सुकाणू लागलंय किनाऱ्याला." त्या मचव्यावर गावच्या इतर खलाशांबरोबर तिचा एकुलता एक मुलगा इस्तेव होता. हातातला बोंबील तिने नीट टांगला, मग खाली बसली.

मचवा गास्पारशेठचा. दोन दिवसांपूर्वी वारा फिरला होता, म्हाताऱ्यांनी नको म्हटलं होतं. पण शेठच्या घरी सणाचं जेवण होतं आणि ताटात ताजं पापलेट हवं होतं.

समुद्राने माणूस परत दिला नाही, तर त्याचे कपडे पुरायचे अशी तिथली रीत. बुडालेल्या बाकीच्यांच्या घरांनी डोळे पुसत माती दिली. इस्तेवचा सदरा पेटीत ठेवला, तेव्हा पहिली मूठ टाकायला शेठच पुढे आला. "देवाची इच्छा, बाय."

"देवाची?" नातालबाय म्हणाली. "देव आला होता का तुमच्या ओसरीवर पापलेट मागायला?"

"बाय, माती पडू दे," फादर म्हणाले. "मन शांत होईल."

"कुणाचं, फादर? शेठचं?" तिने पेटीतला सदरा काढून घेतला. "ईस्टरला तुम्हीच सांगता, प्रभूचं थडगं रिकामं होतं म्हणून आपल्याला आशा आहे. मग हे रिकामं थडगं बुजवायची एवढी घाई कशाला?"

शेठने खड्डा बुजवायला गडी लावले. असं म्हणतात, गडी दिवसभर माती ओढत राहिले आणि खड्डा होता तेवढाच खोल राहिला. नातालबाय काठावर बसून रोज देवाशी भांडायची, "शिष्यांची होडी वाचवायला वादळाला गप्प केलंस ना तू? मग माझ्या पोराच्या वेळी कुठे होतास?" भांडायची, पण त्याच्याशीच. दुसऱ्या कुणाकडे गेली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गावच्या विहिरी खारट झाल्या. आणि त्या खड्ड्याला पाणी लागलं, असं म्हणतात, शहाळ्यासारखं गोड. थडग्यातलं पाणी प्यायला लोक बिचकले. पहिली ओंजळ तीच प्याली. मग घागरींची रांग लागली. सगळ्यांच्या शेवटी शेठ आला.

तिने त्याची घागर धरली. "पाणी देते. आधी सगळ्यांदेखत सांगा, मचवा कुणी पाठवला?"

शेठने जमलेल्यांकडे तोंड केलं. "मी," तो म्हणाला.

तिने घागर भरून दिली. माफीचं काही बोलली नाही.

आजही ईस्टरच्या सकाळी सगळा कोळीवाडा त्या काठावर जमतो. ज्याचा मचवा आहे, तो प्रत्येक जण बुडालेल्यांची नावं मोठ्याने घेतो, "वारा बघूनच माणसं पाठवीन" असं म्हणतो आणि सगळ्यांच्या मागून पाणी पितो. नातालबाय शेजारीच पुरलेली आहे, सदऱ्यासकट.

इस्तेवचा खड्डा अजून कुणी बुजवलेला नाही.