तपासनिसाच्या वहाणा

मधोमध नदी वाहणारं एक गाव होतं. कुठल्या राज्यातलं ते विचारू नका, नाहीतर जो तो आपल्याच गावाचं नाव घेईल. घरं अलीकडच्या काठावर, शेतं आणि बाजार पलीकडे. पूल नव्हता, त्यामुळे सगळं गाव नावांच्या भरवशावर जगत होतं.

राजाचा एक नियम होता. नवी नाव झाली, की सरकारी तपासनिसानं स्वतः तीत बसून पलीकडे जाऊन यायचं आणि मगच तिच्या पुढच्या टोकावर तापल्या लोखंडाचा डाग द्यायचा. डाग नसलेल्या नावेत उतारू घ्यायला मनाई होती. नियम साधा होता आणि चांगला होता. ज्याला स्वतःला बसायचंय, तो फळी ठोकून बघतोच.

मग एक नवा तपासनीस आला. त्याचे गुडघे दुखायचे. एका नाववाल्यानं अदबीनं सुचवलं, की सरकारांनी कशाला त्रास घ्यावा, सरकारांच्या वहाणा जाऊन आल्या तरी सरकारच जाऊन आल्यासारखं आहे. सोबत त्यानं तुपाचा गडू आणला होता. वहाणा नावेत बसल्या, नदी ओलांडून परत आल्या आणि नावेला डाग मिळाला.

पुढे तोच रिवाज पडला. गुडघे बरे झाले तरी वहाणाच जात राहिल्या. वहाणांना वजन नसतं आणि पाणी आत आलं तरी त्या ओरडत नाहीत, हे नाववाल्यांच्या लवकरच ध्यानात आलं. फळ्या पातळ झाल्या. सांध्यांत काथ्या कमी आणि चिखल जास्त भरला जाऊ लागला. गावाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ‘सगळेच देतात’ असं एकदा म्हटलं, की कुणालाच काही करावं लागत नाही.

एके दिवशी भर नदीत एक नाव फुटली आणि तिचा नावाडी बुडाला. तपासनिसानं फुटक्या फळीवरचा डाग सगळ्यांना दाखवला आणि दोष नदीचा आहे असं लिहून टाकलं.

त्या नावाड्याची बायको सुताराची लेक होती. पदरी दोन मुली. नवऱ्याची ती भाड्याची नाव गेल्यावर तिनं अंगावरचं होतं नव्हतं ते विकून लाकूड आणलं आणि स्वतःच्या हातांनी नवी नाव बांधली. मग ती तपासनिसाच्या दारात जाऊन उभी राहिली. हात रिकामे होते. गडूभर तूप तिला उसनं मिळालं असतं, पण डाग असलेल्या नावेचं काय होतं ते तिनं पाहिलं होतं.

“सरकार, वहाणा नकोत, तुम्हीच बसा,” ती म्हणाली. “वल्हवायला मी आहे. बुडालो तर दोघंही बुडू.”

“बाई, वहाणांना तूप लागलं नाही तर त्या कडक होतात,” तपासनीस हसत म्हणाला. “कडक वहाणा नदीपर्यंत चालत नाहीत.”

नाव काठावरच पडून राहिली. उन्हानं लाकूड वाळलं की सांधे उघडतात, म्हणून ती रोज सकाळ-संध्याकाळ घागरी भरभरून नावेत पाणी ओतायची. एखादा सांधा सैल दिसला, की लगेच काथ्या ठोकून त्यावर राळ ओतायची. मधल्या वेळात मुलींच्या पोटासाठी लोकांची धुणी धुवायची. तपासनीस हे सगळं ओसरीवरून बघायचा. शेवटी तिनं गावच्या पंतोजींकडून राजाला अर्ज लिहून घेतला. पंतोजींनी अर्ज लिहिला, पण अक्षर मुद्दाम वेगळं काढलं.

दोन महिन्यांनी राजाचा म्हातारा कारभारी आला. नदी दुथडी भरून चालली होती. तपासनिसानं काठावर ओळीनं लावलेल्या तीस नावा आणि त्यांवरचे तीस डाग दाखवले.

कारभाऱ्यानं मान डोलावली. आपल्याला पलीकडे जायचंय, तपासनिसानंही सोबत यावं आणि नाव त्यानंच निवडावी, असं तो म्हणाला. तपासनिसानं गुडघ्यांचं कारण पुढे केलं. बसूनच तर जायचंय, असं कारभारी म्हणाला.

तपासनीस निघाला. पहिली नाव मागे पडली, दुसरी पडली, तिसाव्या नावेपाशीही तो थांबला नाही. सगळं गाव बघत होतं. टोकाला विधवेची नाव होती. तिच्या काठाला हात लावून तो उभा राहिला.

“हिच्यावर डाग नाही,” कारभारी म्हणाला.

तपासनिसानं मान खाली घातली. “म्हणूनच,” तो म्हणाला.

मग कारभाऱ्यानं नाववाल्यांना विचारलं, की आपापल्या नावेत बायकामुलं घेऊन कोण येतो. एकही पाऊल पुढे आलं नाही.

कारभारी विधवेच्या नावेतून पलीकडे जाऊन आला आणि डाग त्यानं स्वतः दिला. लोखंड लाकडाला टेकलं तेव्हा तिला रडू आवरेना. डाग देण्याआधी नावेत बसून बघायचं, एवढंसंच काम वेळेवर झालं असतं, तर तिचा नवरा घरी असता. तपासनिसाची नोकरी गेली आणि तो तुरुंगात गेला. तीस नावा ओढून काढून खोलल्या गेल्या. दुरुस्तीला तीन महिने लागले, तोवर एकच नाव चालली. काठावर रांगेत उभे राहून लोक कुरकुरत होते, की आधीच बरं होतं, निदान नावा तरी भरपूर होत्या.

यावरून समजायचं ते एवढंच: लाच देऊन मिळालेल्या डागावर ना देणाऱ्याचा विश्वास असतो, ना घेणाऱ्याचा. विश्वास ठेवतो तो तिसरा, आणि बुडतोही तोच.