राणीची टोचरी घोंगडी

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरातल्या एका राज्यात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त होत्या. दरवर्षी कातरणी झाली की लोकरीचे गठ्ठे बैलांवर लादायचे, त्यांना हळदीकुंकू लावायचं आणि ढोल वाजवत घाटापलीकडच्या राज्यात पाठवायचे. तिकडे त्या लोकरीच्या घोंगड्या व्हायच्या. थंडी पडली की डोंगरातले हेच लोक त्या चढ्या भावाने विकत घ्यायचे.

एका वर्षी या मिरवणुकीत राणीला एक धनगरीण रडताना दिसली.

"आजच्या दिवशी डोळ्यांत पाणी का, बाई?"

"राणीसाहेब, बैलांबरोबर माझा लेक चाललाय, तिकडे विणकामाला. लोकर घोंगडी होऊन तरी परत येते. पोरं काही येत नाहीत."

राणीला ते फार लागलं. गावं रिकामी होताना तीही पाहत होती. तिने निम्मे गठ्ठे उतरवून घेतले आणि त्या लेकाला म्हणाली, "एक वर्ष थांब. माग मी उभारते. नाही जमलं, तर तुला अडवणार नाही."

माग उभे राहिले. पहिली घोंगडी स्वतः पांघरून राणी दरबारात बसली. थोड्याच वेळात ती मान खाजवू लागली. मग पाठ.

"सरकार, ही घोंगडी की बाभळीचं कुंपण?" खजिनदार म्हणाला. "आपण मेंढरांमागची माणसं. आपल्याला कसं जमायचं हे?"

आईसोबत दरबारात आलेल्या लेकाने मान खाली घातली. आता जावंच लागणार, असं त्याला वाटलं.

राणीने मानेजवळून एक कुसळ ओढून काढलं. "हे लोकरीत आलं कुठून?"

धनगरीणच पुढे झाली. "आम्हीच ठेवतो, राणीसाहेब. लोकर वजनावर जाते ना! कुसळं, माती, सगळं तसंच राहू देतो. टोचलं तर पलीकडच्यांना टोचेल, आपलं काय जातंय?"

"माझी पाठ जातेय!" राणी म्हणाली आणि खाजवता खाजवता हसत सुटली. दरबारही हसला.

दुसऱ्या दिवसापासून लोकर नदीवर धुतली जाऊ लागली. म्हातारे कुसळं वेचायला बसले, बाया सूत कातू लागल्या. मागांसाठी सुतार लागले, सुतारांच्या हत्यारांसाठी लोहार. घोंगड्या अशा मऊ झाल्या की पलीकडचे व्यापारी घाट चढून इकडे येऊ लागले. परक्या मुलखात गेलेली पोरंही घरी परतली.

धनगरणीचा लेक कुठेच गेला नाही. आता तिची एकच तक्रार असते, भाकरी निवून जाते तरी हा मागावरून उठत नाही!

तात्पर्य: नुसता कच्चा माल विकणारं राज्य आपली माणसंही गमावतं, जे स्वतः वस्तू घडवतं, तेच त्यांना पोसतं.