गिरजेच्या दारातला वाघ

एक होती गिरजा. माळ्याची सून. नवरा सकाळीच फुलं घेऊन बाजाराला जायचा. मग घरी दोघीच, गिरजा आणि तिची आंधळी सासू. सासू दिवसभर हाका मारायची. गिरजा, पाणी दे. गिरजा, ऊन कुठवर आलं गं? गिरजेचा जीव मेटाकुटीला यायचा.

मग काय झालं, जवळच्या टेकडीवर एक म्हातारी जोगीण राहायला आली. गिरजा तिच्याकडे गेली. म्हणाली, "माय, माझं मन थाऱ्यावर नाही."

जोगिणीने तिला कातळावर बसवलं. "डोळे मीट. श्वास येतो, श्वास जातो. तेवढंच बघ."

गिरजा बसली. हळूहळू आतलं सगळं निवलं. डोळे उघडते तर काय, शेजारी हा एवढा पट्टेरी वाघ. भिऊ नका, बरं का. तो मांजरासारखा घुरघुरत पडला होता.

"मन निवलं की हा येतो," जोगीण म्हणाली. "मन भरकटलं की गुरगुरतो. बाकी कोणाला काही करत नाही. ने घरी."

वाघ मागोमाग घरी आला. गिरजेने ठरवलं, आता रोज बसायचं. पहिल्या दिवशी खोलीचं दार लावलं, डोळे मिटले. दाराबाहेरून आवाज आला, गुर्र. मन तर इथेच होतं की. गिरजा गोंधळली. उठून दळायला बसली, तर वाघ गप. पंजांवर हनुवटी टेकून जात्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने उपास धरला, नवं आसन घातलं. पुन्हा गुर्र. मग वैतागून ती मळ्यात पाणी धरायला गेली. पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात जाई, ती बघत राही. वाघ बांधावर पोट वर करून लोळला.

"अरे, आत्ता तर मी बसलेसुद्धा नाही," गिरजा म्हणाली. वाघ काय बोलणार?

तिसऱ्या दिवशी ती बसली आणि सासूची हाक आली. गिरजेने कानांत कापूस घातला. आज काही झालं तरी उठायचं नाही. दुसरी हाक आली, तिसरी आली. आणि मग वाघ असा गरजला, की कापसातूनही ऐकू आलं.

कापूस फेकून, दार उघडून बघते, तर सासू अंगणातल्या विहिरीच्या काठाशी पडलेली. एक हात कडेबाहेर, खाली नुसता अंधार. गिरजा धावली. सासूला मागे ओढून कवेत घेतलं.

"तहान लागली होती गं," सासू म्हणाली. "तू कामात असशील. म्हटलं, आपणच घ्यावं."



मग गिरजेने सासूला पाणी पाजलं. ओट्यावर बसवलं आणि मुरगळलेल्या पायाला तेल चोळायला घेतलं. अंगठा पुढे जाई, मागे येई, पुढे जाई, मागे येई. किती वेळ गेला, तिला कळलं नाही. वर बघते तर वाघ सासूच्या मांडीवर डोकं ठेवून घुरघुरतोय, आणि सासू त्याच्या कपाळावरून हात फिरवतेय.

"कोणाचं गं हे कुत्रं? भारी गरीब आहे."

गिरजा पुन्हा टेकडीवर गेली. "माय, बसायचं की नाही बसायचं?"

"बस की. हाक आली की ऊठ."

"उठलं की ध्यान मोडतं ना?"

"मोडतं का?" जोगीण म्हणाली. "मला काय विचारतेस? वाघ तुझ्या घरी आहे."

गिरजा विचार करत करत घरी आली. तिला काही नीट उमगलं नाही, बरं का. पण त्या दिवसापासून ती दार उघडं ठेवून बसू लागली. वाघ कधी गुरगुरे, कधी घुरघुरे. का, ते तिला म्हातारपणापर्यंत सांगता आलं नाही. पण सासू, सून, नवरा आणि वाघ, चौघं सुखाने नांदले.

चला, ओढा पांघरुणं. पुढचं मला विचारू नका, मलाही ठाऊक नाही. झोपा.