खाऱ्या विहिरी आणि खोटा राजपुत्र

एका राज्यात विहिरींचे पाणी खारे झाले होते. तिथला राजपुत्र सुरथ यक्षाच्या तळ्यातले शापित धन आणायला गेला, तो परतलाच नाही, आणि त्या दिवसापासून पाण्याला मिठाची चव आली. राजा आधीच निवर्तला होता. मागे उरली राणी कनकावती. लोक म्हणत, राजपुत्र घरी येईल तेव्हा पाणी गोड होईल. राणी मात्र रडत नसे. रोज सुरथाचे पान तेवढे वाढून ठेवी.

ही वार्ता दुलबा ठगाच्या कानी गेली. दुलबा म्हणजे बारा गावचे पाणी प्यालेला. त्याने एका राजाला त्याचाच हत्ती विकला होता आणि एका नगराला नदीवरचा पूल. आता त्याला अख्खे राज्य हवे होते. सुरथासारखी दाढी राखून तो राजवाड्याच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आई, मी आलो."

प्रधानाने तीन परीक्षा नेमल्या. पहिली, सुरथाच्या घोड्यावर स्वार व्हायचे. तो घोडा परक्याला पाठीवर घेत नसे; पण दुलबाने तबेल्यातल्या मोतद्दाराला भुलवून सुरथाचा जुना शेला मिळवला होता. तो पांघरताच घोडा गपगार उभा राहिला. दुसरी, लहानपणची अंगाई म्हणायची. ती त्याने म्हाताऱ्या दाईच्या तोंडून आधीच काढून घेतली होती. तिसरी परीक्षा राणीची. तिने काही न विचारता त्याच्या मानेवरच्या केसांत हात घातला. बराच वेळ तो हात तिथेच राहिला.

"लहानपणी पडल्याचा व्रण आहे," राणी म्हणाली. "हा माझा सुरथ."

दुलबाने हळूच स्वतःची मान चाचपली. त्याच्या मानेवर साधा ओरखडासुद्धा नव्हता! म्हातारीच्या बोटांना कळत नसावे, अशी त्याने मनाची समजूत घातली.

नगारे वाजले. लोकांनी विहिरींत घागरी सोडल्या. पाणी खारेच होते. इकडे राणी दुलबाला समोर बसवून जेवू घाली, भातावर तूप वाढी, आणखी घे म्हणे. त्याला जन्मात कुणी असे वाढले नव्हते.

एके सकाळी विहिरीपाशी एक बाई तान्ह्याच्या ओठांना पाण्याचे बोट लावत होती आणि ते मूल तोंड फिरवून रडत होते. दुलबाला ते बघवेना. काठावर एक कावळा बसला होता.

कावळा म्हणाला, "सुरथ तळ्याच्या तळाशी आहे. त्याला कुणी पिंड दिला नाही. आईने गिळलेली आसवे विहिरींत उतरतात. तू आई म्हणशील तोवर ती रडणार नाही."

खरे सांगावे, तर हत्तीच्या पायी जायचे. तरी दुलबा राणीकडे गेला.

"राणीसाहेब, मी ठग आहे."

"ठाऊक आहे. व्रण नव्हताच."

"मग खोटे का बोललात?"

"दारात कुणीतरी आई म्हणाले, बाळा."

मग दुलबाने कावळ्याचे बोलणे सांगितले आणि तळ्याकाठी सुरथाच्या नावाने पिंड ठेवला गेला. कावळा शिवेना. प्रधान म्हणाला, "संगमरवरी समाधी बांधू." शिवेना. पुरोहित म्हणाले, "वर्षोवर्षी अन्नदान करू." शिवेना. शेवटी दुलबा पुढे झाला. आजवर दिलेला एकही शब्द त्याने पाळला नव्हता.

"सुरथा, तुझ्या आईला मी एकटे टाकणार नाही."

कावळ्याने पिंडाला चोच लावली. राणी मुलाचे नाव घेऊन मोठमोठ्याने रडली. तिचे डोळे कोरडे होईतो राज्यातल्या विहिरी गोड झाल्या होत्या.

"या ठगाचे काय करायचे?" प्रधानाने विचारले.

"त्याने शब्द दिला आहे," राणी म्हणाली. "मोडला तर हत्ती आहेच."

गादीवर सुरथाचा चुलतभाऊ बसला. दुलबा राणीपाशी राहिला, आणि ती त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारू लागली. पुढे राणी गेली. पिंड त्यानेच ठेवला आणि आता कोणते वचन द्यावे, या विचारात हात जोडले.

त्याने तोंड उघडण्याआधीच कावळा शिवला.

त्या राज्याचे पाणी गोड राहिले, तसे तुमच्या आमच्या घागरीतलेही राहो.