डाव्या हातातला चहा

भरवसा टाकायचा तर कुणावर टाकावा, सांगा बरं? दुकानात दोन गडी आहेत. एक उड्या मारत चार कामं करतो. दुसरा एकच करतो, पण शेजारी वाघ येऊन बसला तरी त्याच्या हातचा तराजू हलत नाही. माल कुणाच्या हवाली कराल?

परशराम कडोलकरनं बेधडक पहिल्याचं नाव घेतलं असतं. बेळगावात ताशावर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच गावभर सांगायचा.

पण ड्रम शिकवणाऱ्या बस्त्यांव मास्तरांनी त्याला ड्रमवर बसवलं, समोर जॅझच्या तालाचं जुनं पुस्तक उघडलं, आणि तीन आठवडे पहिलंच पान सुटेना. काम म्हटलं तर सोपं. उजव्या हातानं मोठ्या झांजेवर एकच चाल, न थांबता: टिंग… टिंग-ट-टिंग. डाव्या पायानं छोट्या झांजांची जोडी मिटायची. आणि डाव्या हातानं पुस्तकातले ठोके, दर ओळीला निराळे.

डावा हलला की उजवा त्याच्यामागं पळायचा. ताशाची खोड! तिथं दोन्ही हात एकाच घाईत असतात.

गोव्याच्या एका बँडला ड्रमवाला हवा होता. गाडी त्याच दिवशी दुपारी तीनची. मास्तर ‘हो’ म्हणतील तरच परशाचं नाव लागणार. बारा वाजून गेले होते.

“मास्तर, डाव्याला आणखी काय शिकवू? बोटं सोलली की!”

“डाव्यानं काय वाईट केलंय?”

“मग चुकतो कोण?”

मास्तर उठले. आत गेले, चहा घेऊन आले.

“उजवा चालू कर. पायपण.”

परशानं चालू केलं. मास्तरांनी त्याच्या डाव्या हातातली काठी काढली आणि भरलेला कप दिला.

“पी.”

“वाजवता वाजवता?”

“थंड होईल.”

परशानं फुंकर घातली, घोट घेतला… झांज वाजतच होती.

“घरी कोण कोण?”

“आई. बहीण शहापूरला दिलीय.” टिंग-ट-टिंग.

“जेवलास?”

“तुम्ही जेवू दिलंत कुठं!” टिंग-ट-टिंग.

मास्तरांनी रिकामा कप घेतला, काठी परत दिली, पुस्तकावर बोट ठेवलं.

“आता दुसरा कप पी.”

परशा हसला, आणि डावा हात ठोके वाचत निघाला. पहिली ओळ… दुसरी… पाचवी… उजवा आपल्या वाटेनं, पाय आपल्या. समोरचा शिंपी शिलाई टाकून दारात येऊन उभा राहिला. शेवटचा ठोका पडला तेव्हा खोलीभर झांज घुमत होती.

परशा उडी मारून उठला. “जिंकलो मास्तर! अख्खं पान!”

“किती वेळा घसरलास?”

“अहो, कुठं घसरला?” शिंपी म्हणाला. “लोणी होतं, लोणी!”

“मी त्याला विचारतोय.”

परशानं घड्याळाकडं पाहिलं. तिसऱ्या ओळीत उजवा केसभर पळाला होता. कुणाला कळलं नसतं…

“एकदा. तिसऱ्या ओळीत.”

मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि त्याच्या बगलेत खुपसलं. “पळ. गाडी गाठ.”

“म्हणजे… हो?”

“हो म्हणजे हो!”

परशानं आरोळी ठोकली, शिंप्याला मिठी मारली, मग वाकून मास्तरांच्या पायांना हात लावला.

मास्तरांनी त्याला खांद्याला धरून उठवलं.

“तिथं विचारायला मी नाही, परशा. हिशेब तुझा तूच ठेवायचास. खरा ठेव.”