करंडक कोणाला?

एकदा एका महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धा भरली. विषय होता 'विद्यार्थ्यांचे विचारस्वातंत्र्य'. आता गंमत पाहा, या विषयावरची झाडून सगळी भाषणे एका प्राध्यापकांनी लिहून दिली होती, प्राचार्यांनी तपासली होती आणि मुलांनी घोकली होती. धन्य ते स्वातंत्र्य!

कुमुद नावाची एक विद्यार्थिनी मात्र प्राचार्यांसमोरच्या तालमीत मध्येच थांबली. म्हणाली, "सर, वसतिगृहाच्या टाकीत मेलेलं कबूतर सापडलंय. तेच पाणी आम्ही पितो. मुलींना कावीळ झालीये. हे आम्ही कुठे बोलायचं?"

झाले! प्राचार्य संतापले. संस्थेची बदनामी केली म्हणून महाविद्यालयातूनच तिचे नाव काढून टाकले. टाकी मात्र कोणी साफ केली नाही. स्पर्धेच्या दिवशी ती पोर आपली पेटी घेऊन फाटकाशी वडिलांची वाट पाहत बसली होती. तिचे शिक्षण तिथेच संपणार होते.

परीक्षक म्हणून प्राचार्यांचे वृद्ध गुरुजी आले. फाटकाशीच त्यांनी तिची विचारपूस केली, टाकीपासून लिहून दिलेल्या भाषणांपर्यंत सगळी हकिकत ऐकली आणि ते आत गेले. सगळी भाषणे त्यांनी डोळे मिटून ऐकली. मग उठले, करंडक उचलला आणि भाषणे लिहून देणाऱ्या प्राध्यापकांच्या हातात ठेवला. सभागृहात कुजबुज सुरू झाली.

"गुरुजी, अहो, हे स्पर्धक नाहीत!" प्राचार्य गडबडून म्हणाले.

"मग बोललं कोण? पोरांचे तर नुसते ओठ हलत होते." गुरुजींचा आवाज चढला. "अरे, माझ्या पाठशाळेत शंका विचारल्याशिवाय पाठ संपत नसे. भर वर्गात तू मला म्हणाला होतास, गुरुजी, तुमचं चुकतंय. मी तुला घरी धाडलं का? माझी चूक कबूल केली आणि तो पाठ पुन्हा शिकवला. त्या धिटाईवर तू इथवर आलास, आणि आज तीच धिटाई दुसऱ्याच्या लेकरात दिसली तर तिला हाकलतोस? बदनामी त्या पोरीने नाही केली, तुझ्या टाकीने केली. लाज वाटू दे जरा!"

प्राचार्यांनी पाण्याची सीलबंद बाटली पुढे केली. गुरुजींनी ती बाजूला सारली. "मला वसतिगृहातलं पाणी हवंय."

शिपायाने पेला आणला. गुरुजींनी तो ओठांजवळ नेला, तशी प्राचार्यांनी झटकन त्यांचा हात धरला. "नको, गुरुजी!"

"का रे? लेकरांना चालतं, मग मला का नको?"

प्राचार्यांनी तो पेला काढून घेऊन बाजूला ठेवला.  मग स्वतः फाटकापाशी गेले, कुमुदची पेटी उचलली आणि म्हणाले, "चल बाळ, माझं चुकलं. आधी ती टाकी दाखव."

मुलांची तोंडे बंद करायला निघालेल्यांनी आधी त्यांच्या पेल्यातले पाणी पिऊन पाहावे.